बोटांना पानं फुटताना

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले. लॉन कुठलं धरलंय ते कळलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

सिल्लोडहून ताईचा फोन होता. ताई माझी थोरली बहीण, नवरीची आई. म्हणाली, "मुलाकडच्यांनी जालना रोडचं ते मोठं लॉन घेतलंय. गेटवर फॉरेनच्या बायांचे पुतळे आहेत म्हणं. त्यातला एक तुझा आहे ना रे?"

"आहे एक."

"मग तर सोन्याहून पिवळं. गेटवर मामाच्या हातचा पुतळा, अन् मांडवात मामा पाठीशी."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवून माझ्या कामाच्या शेडच्या पायरीवर बसून राहिलो.

आमच्याकडं नवरीला मांडवात मामा आणतो. अंतरपाट धरला की तो तिच्या पाठीमागं उभा राहतो आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तिथून हलत नाही. ताईला आम्ही दोघं भाऊ. धाकटा इथंच चिकलठाण्याला कंपनीत आहे, पण मान थोरल्याचा, म्हणजे माझा. त्या जागेवर उभं राहायची माझी लायकी नाही हे फक्त मला ठाऊक होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

भाचीनं तो पुतळा कधी पाहिलेला नव्हता. पाहिला असता तर लगेच ओळखला असता, कारण त्यातल्या मुलीचा चेहरा तिचा आहे. लग्नाच्या सकाळी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून ती गेटातून आत येणार, वळणार आणि मान वर करणार, एवढंच चित्र मला रोज दिसायला लागलं. जेवताना दिसायचं, गाडी चालवताना दिसायचं. मी बोलायला मुळातच कमी. घरच्यांना वाटलं, लग्नाच्या खर्चाचा विचार करतोय.

मी शिल्पकला शिकलो ती याच शहरात. कॉलेजात आमच्या सरांनी एकदा एका संगमरवरी शिल्पाचे फोटो दाखवले होते. इटलीतलं, चारएकशे वर्षांपूर्वीचं. गोष्ट त्यांच्याकडच्या पुराणातली. एक देव एका मुलीच्या मागं लागतो. ती नदीची मुलगी. तिला तो नको असतो, खरं तर कुणीच नको असतं. ती पळत सुटते, तो मागं पळतो. त्याचा हात तिच्या कमरेला लागतो तेवढ्यात ती बापाला हाक मारते, म्हणजे नदीला, की माझं रूप बदल पण मला सोडव. बाप ऐकतो. तिचं झाड होतं.

शिल्पकारानं नेमकं ते होताना पकडलंय. पायाच्या बोटांतून मुळं जमिनीत चाललीत, मांडीवर साल चढतेय, वर गेलेल्या हातांच्या बोटांना पानं फुटतायत. दगडाचीच पानं, पण इतकी पातळ की उजेड आरपार जातो म्हणतात. तोंड उघडं आहे. आणि मागच्या देवाला अजून काही कळलेलंच नाही. त्याच्या चेहऱ्यावर धरल्याचा आनंद तसाच आहे.

सर म्हणाले होते, "याला प्रदक्षिणा घालावी लागते. मागून बघितलं तर फक्त पळणारा पुरुष दिसतो. मुलगी त्याच्याआड असते. गोष्ट कळायला समोर यावं लागतं."

मी तो फोटो बरीच वर्षं मनात ठेवला. प्रत्यक्षात चिकलठाण्याच्या शेडमध्ये मी लग्नाच्या लॉनसाठी फायबरचे पुतळे करत होतो. कमळ घेतलेल्या बाया, तुतारीवाले, हत्ती. वर पांढरा रंग मारला की दुरून संगमरवर वाटतो.

मग एक दिवस लॉनचे मालक, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, मोबाइलमध्ये तोच फोटो घेऊन आले.

"हे बघा. असं कपल पाहिजे गेटवर. नाचतायत बघा कसे."

"नाचत नाहीत, भाऊ. ती पळतेय. तो मागं लागलाय."

"मग लग्नात दुसरं काय असतं?" भाऊ स्वतःच हसले.

"अहो, तिचं झाड होतंय."

"होऊ द्या ना. गेटवर हिरवळ लागतीच. फक्त दोघांना कपडे घाला. फॅमिली येती."

मी त्यांना पूर्ण गोष्ट सांगायला हवी होती. लग्नाच्या दारात हे शिल्प लावत नसतात, असं म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी हत्ती सोडून दुसरं काही मागत होतं. मी गप्प बसलो आणि काम घेतलं.

भाची तेव्हा आमच्याकडं राहून नर्सिंग शिकत होती. पहिलं वर्ष. तिच्या हाताला शीर सापडायची, हे तिच्या कॉलेजातलं कौतुक होतं. ज्या म्हाताऱ्यांच्या हातात इतरांना शीर मिळायची नाही तिथं हिला पाठवायचे. घरीही ती कुणाचाही हात धरून बोटांची टोकं फिरवत बसायची. "मामा, तुमची शीर म्हणजे जालना रोड. डोळे झाकून सापडते."

तिची बोटं लांब होती. पानं फुटावीत तर अशाच बोटांना, असं मला वाटायचं. मी तिला विचारलं, हाताचा साचा देशील का.

"देते की. बदल्यात इमरती पाहिजे. गरम."

हाताचा साचा घ्यायला दातांचे डॉक्टर वापरतात ती पावडर लागते. ती गार असते, रबरासारखी मऊ राहते, हात सुखरूप निघतो. माझ्याकडची संपली होती आणि पुण्याहून मागवलेली आली नव्हती. भाऊंना लग्नसराईच्या आत पुतळा हवा होता. थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच वापरायचं ठरवलं, ज्याला आम्ही नुसतं पीओपी म्हणतो, ज्याची छतं आणि गणपती होतात.

आता जे सांगायचंय ते पीओपीचं काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं, आणि मलाही होतं. पातळ थर असला की थोडी ऊब येते आणि जाते. जाड गोळा असला की तो आतून तापत जातो. आणि तो तापतो घट्ट व्हायला लागला की. म्हणजे हात काढावासा वाटतो तेव्हा तो निघण्यासारखा राहिलेला नसतो.

माझा विचार असा होता की नुकतं धरायला, म्हणजे घट्ट व्हायला लागलं की हात अलगद ओढून घ्यायचा. व्हॅसलीन तर लावलेलंच होतं.

थंडीचे दिवस होते, सकाळची वेळ. बादलीतल्या पाण्यात तिनं बोट घातलं आणि काढलं.

"मामा, बर्फ आहे हा."

म्हणून मी पाण्यात हीटरची कांडी सोडली. कोमट पाण्यात पीओपी लवकर धरतं. वर मूठभर मीठ टाकलं. मिठानं आणखी लवकर धरतं. तिला फार वेळ बसायला लागू नये म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. पाणी तिच्यासाठी कोमट केलं, ते खरं. मीठ माझ्या घाईसाठी होतं.

पीओपी कालवल्यावर त्या प्लास्टिकच्या बादलीत तिनं उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत घातला, बोटं पसरून. बादली तिच्यासमोर स्टुलावर होती. धरायला वेळ होता, तेवढ्यात चेहऱ्याचे फोटो काढून घ्यावेत असं मी ठरवलं. शिल्पातल्या मुलीची मान किंचित मागं वळलेली आहे. म्हणून मी मोबाइल घेऊन भाचीच्या पाठीमागं, उजव्या खांद्याच्या बाजूला उभा राहिलो. तिथून मला तिचा चेहरा दिसत होता, बादली दिसत नव्हती.

"मागं वळून बघ. मी तुझ्या मागं लागलोय असं समज."

"तुम्हाला पळता येतं का पण?" ती माझ्या पोटाकडं बघून हसायला लागली.

"हसू नको. घाबर. ओरड, पण आवाज न करता. आवाज केला की गाल फुगतात."

तिनं डोळे मोठे करून तोंड उघडलं. सिरियलमधल्या सुनेसारखं झालं. मी परत करायला सांगितलं. परत तेच. मी चिडलो थोडा.

"मामा, गरम लागतंय."

"लागणारच. हलू नको."

शेडमध्ये शांत होतं. वर पत्र्यावर कबुतरं चालत होती त्यांची नखं ऐकू येत होती.

"मामा, लई गरम लागतंय."

ती घरात आमच्यासारखं शहरी बोलायची. लई, नाय असं तिच्या तोंडून निघालं की समजायचं, पोर घाबरली. हे मला माहीत होतं. मी तिच्याकडं बघितलं, मोबाइलमधून, आणि तो चेहरा आला. कपाळ ओढलं गेलं, खालचा ओठ बाजूला गेला, तोंड उघडलं, आणि डोळ्यांत मी दिसत होतो. इतकी वर्षं मनात असलेला तो फोटो माझ्या हातातल्या काचेवर होता. मी बटण दाबलं.

तिनं "मामा" म्हटलं. हे मी ऐकलं. मग तिचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि आवाज निघाला नाही. मीच तिला सांगितलं होतं आवाज करू नको. मी पुन्हा बटण दाबलं. थोडा बाजूला सरकलो, उजेड नीट पडावा म्हणून, आणि पुन्हा दाबलं.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मग ती अगदी हळू म्हणाली, "हात निघत नाय, मामा."

मोबाइल कुठं टाकला आठवत नाही. बादलीला बाहेरून हात लावला तर चहाच्या पातेल्याला लागावा तसा चटका बसला. पीओपी दगड झालं होतं. मी तिचा दंड धरून ओढलं. ती पहिल्यांदा मोठ्यानं ओरडली. ते ऐकून शेजारच्या शेडमधले वेल्डर चाचा धावत आले.

"क्या हुआ?"

"हाथ अटक गया चाचा. अंदर जल रहा है."

चाचांनी बादलीवर हात ठेवून लगेच काढला. "खींचो नक्को. पैले बाल्टी काटते. तुम छिन्नी लाओ. और हाथ नक्को कँपाओ मियाँ, बच्ची देख रई."

त्यांनी हॅकसॉच्या पात्यानं प्लास्टिक उभं कापलं. आत पांढरा गोळा. त्याच्यात कुठंतरी पाच बोटं, पसरलेली, मीच पसरायला लावलेली. कुठलं बोट किती खोल आहे ते मला दिसत नव्हतं. मी आयुष्यभर छिन्नी चालवलीय, पण दगडाच्या आत जिवंत बोटं असताना कधी चालवली नव्हती. हळू मारलं तर फुटत नव्हतं आणि आत ती भाजत होती. जोरात मारलं तर बोट तुटलं असतं. दर घावाला मी आधी तिच्या चेहऱ्याकडं बघायचो, आणि ती माझ्याकडंच बघत असायची. चाचा गोळ्यावर गार पाणी ओतत होते आणि मोठमोठ्यानं अल्लाचं नाव घेत होते.

आधी अंगठा निघाला. मग बाकीची. पांढरी पडली होती सगळी, चुन्यात बुडवल्यासारखी.

"दुखतंय का गं?"

"नाय." तिनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. "काहीच नाय वाटत."

आणि मग ती रडायला लागली. नर्सिंगची मुलगी होती. काहीच न वाटणं म्हणजे काय, हे माझ्याआधी तिला कळलं.

चाचांनी त्यांचा छोटा हत्ती टेम्पो काढला. मुकुंदवाडीच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती, ओल्या पंच्यात गुंडाळलेला हात छातीशी. मला वाटत होतं, ही बोटं जातील. दुसरं काही वाटत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ आत होता हात. मला सांगता येईना. खरंच येईना.

ताई संध्याकाळी एसटीनं आली. वॉर्डात शिरल्या शिरल्या लेकीवर तुटून पडली. आमच्याकडं काळजी अशीच निघते.

"मुकी होती का गं तू? भाजतंय तर बोलायचं नाय? एवढं शिकून उपयोग काय?"

भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. माझं तोंड तेव्हा कसं दिसत होतं मला माहीत नाही.

"बोलले ना आई," ती म्हणाली. "कंप्रेसर चालू होता. मामांना ऐकू नाही गेलं."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हो. चालू होता."

रंगाच्या कामाला वापरतो तो कंप्रेसर त्या सकाळी सुरूच झाला नव्हता.

बोटं राहिली. मांडीची कातडी काढून लावली, दोनदा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं आत वळलं. बाकीची सरळ आहेत, पण टोकांना स्पर्श कळत नाही. शीर शोधायला बोटाच्या टोकाशिवाय दुसरं काही लागत नाही. तिनं नर्सिंग सोडलं. पुढं ग्रॅज्युएशन केलं, आता इथंच शहरात एका दवाखान्यात काउंटरवर बसते. "टोचायचं होतं, आता फाडते. पावत्या," असं ती पाहुण्यांना सांगते आणि ते हसतात.

आता उरलेलं सांगतो.

दवाखान्यातून परत आल्यावर मी शेड झाडायला घेतली. जमिनीवर पीओपीचे तुकडे पडले होते. एक उचलला तर त्याच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसा होता. पेराच्या रेषा, नखाची कड, सगळं. दुसऱ्या तुकड्यात पुढचं पेर. ते झाडून गटारीत टाकायला हवे होते. मी ते धुतले आणि तारेनं जुळवले. त्यात फायबर ओतलं. तिची बोटं निघाली, आधीच्या दिवशी होती तशी. त्यांच्या टोकांना मी पानं लावली. चेहरा मोबाइलमधल्या फोटोवरून केला.

ती वॉर्डात पडलेली असताना मी हे केलं. रात्री झोप यायची नाही आणि दिवसा हात थांबायचे नाहीत. माझ्या आयुष्यात माझ्या हातून एवढं चांगलं काम दुसरं झालेलं नाही. हे सुद्धा सांगून टाकतो, कारण तेही खरं आहे. फोटो नंतर पुसून टाकले.

भाऊंनी पुतळा बसवला तो रस्त्याकडं पाठ करून, आत जमलेल्यांना समोरून दिसावा म्हणून. त्यामुळं जालना रोडवरून जाणाऱ्याला फक्त पळणाऱ्या पुरुषाची पाठ दिसते. भाची त्या रस्त्यानं कितीदा गेली असेल. तिला तेवढीच दिसली. आत लग्नाला आलेले लोक त्या दोघांच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. नवी जोडपी तशीच पोज देतात, तो मागून कमरेला हात घालतो, ती हात वर करून तोंड उघडते, आणि सगळे हसतात.

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा मी भाचीला फोन केला. जरा माझ्याबरोबर लॉनवर येतेस का म्हणालो.

"डेकोरेशन बघायला? मामा, तुम्हाला कधीपासून हौस?"

दुपारी ती स्कूटीवर आली. लॉन रिकामं होतं. दोन माणसं पाइपनं गालिचे धूत होती. बाहेरून पुतळ्याची पाठ दिसत होती. परत फिरावं आणि सांगावं की काही नाही, सहज बोलावलं, असं वाटत होतं. पण ती पुढं निघाली होती. तिनं त्याला वळसा घातला आणि थांबली.

मी दोन पावलं मागं होतो. ती मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "ही मी आहे."

"हो."

"मला वाटलंच होतं तुम्ही तो पूर्ण केला असेल. विचारलं नाही कधी." पुन्हा वर बघितलं. "चांगला झालाय."

मला तिथं उभं राहवेना. मी बोललो. "कंप्रेसर बंद होता."

"माहितीये."

"नाही, म्हणजे त्या दिवशी..."

"मामा, मी तिथंच बसले होते. बंद होता ते मला माहितीये. दवाखान्यात तुमचं तोंड बघितलं आणि मी चालू केला. आईनं तुम्हाला परत दारात उभं केलं नसतं."

गालिचे धुणाऱ्यांनी रेडिओ लावला होता. मी तिथंच थांबू शकलो असतो. तिला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तिनं मला माफ करून टाकलेलं दिसत होतं. मला थांबायचंच होतं.

"अजून आहे," मी म्हणालो. "तू हाक मारली ना, त्यानंतरही मी फोटो काढले. मला ऐकू आलं होतं. दिसत पण होतं. चेहरा नीट आला होता म्हणून काढत राहिलो."

ती माझ्याकडं वळली नाही.

"मला वाटलं तुम्ही घाबरून थिजलात," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं. मामा घाबरले, त्यांचे हात हलेनात."

"नाही."

"मग हा तेव्हाचा आहे. हा चेहरा."

"हो."

"लोकांना वाटत असेल ती आ करून ओरडतेय." तिनं बोटानं दाखवलं, सरळ राहिलेल्यांपैकी एकानं. "नीट बघा ना. ओठ बघा. मामा म्हणतेय मी."

मी बघितलं. ते ओठ मी मातीत केले होते, फोटोवरून, दिवसच्या दिवस. माझ्या अंगठ्यानं दाबून दाबून. मला तेव्हा ते दिसलं नव्हतं.

चौथऱ्याच्या पायरीवर चढून तिनं हात उंच केला. पुतळ्याचा उजवा हात तिच्या हाताच्या जरा वर होता. तिची बोटं त्याच्या बोटांपर्यंत कशीबशी पोचली. दोन वळलेली खालीच राहिली.

"ही पण माझी आहेत ना? आधीची."

मी मान हलवली, ती तिला दिसली की नाही माहीत नाही. ती टोकांनी पुतळ्याची बोटं चाचपत होती आणि मला आठवलं, तिला टोकांना काही कळत नाही. मग तिनं हात उलटा केला आणि मागच्या बाजूनं, जिथं कातडी तिची स्वतःची आहे, त्या बोटांवरून फिरवला. बराच वेळ.

खाली उतरून तिनं ओढणीला हात पुसला. फायबरवर धूळ असते.

"लग्नात पाठीमागं धाकटे मामा उभे राहतील," ती म्हणाली.

हेच ऐकायला मी आलो होतो.

"बरं."

"तुम्ही पाठीमागं नको. मला नाही चालणार पाठीमागं तुम्ही." तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा हलला. "तुम्ही समोर उभं राहा. अंतरपाटाच्या बाजूला, मला दिसाल असे."

"समोर मुलीचा मामा नसतो उभा राहत. लोक विचारतील."

"विचारू द्या. आई तर पहिली विचारील."

"तिला काय सांगू?"

"मला सांगितलं ते." तिनं स्कूटीची चावी काढली. "आता मी नाही काही चालू करणार, मामा. तुमचं तुम्ही बघा."

ती गेली. ब्रेकवर तिची दोन बोटं पोचत नाहीत, ती उरलेल्या दोन बोटांनी दाबते. सिग्नलपर्यंत मी बघत राहिलो. मग पुन्हा पुतळ्याकडं वळलो. भाऊंना सांगून मी तो काढून घेऊ शकतो. तिला विचारलं होतं, जाताना. म्हणाली, राहू द्या.

उद्या सिल्लोडला हळद आहे. मी सकाळच्या एसटीनं एकटाच आधी निघतोय, पाहुणे यायच्या आत ताईला गाठायला. ताई दारातच विचारील, चहा घेणार का जेवणार. त्याच्या आधी बोलायचं, नाही तर मग होणार नाही, मी स्वतःला ओळखतो. बोलून जमलं नाही तर हे कागद तिच्या हातात देईन, म्हणून सगळं लिहून ठेवलं. पण तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि हळदीच्या घरात चष्मा कुठं सापडणार. तोंडानंच सांगावं लागेल. कंप्रेसर बंद होता, इथून सुरुवात करायची. ताईचे हात हळदीनं भरलेले असतील. त्या हातांनी ती मला मारील, की नुसती बघत राहील, मला काही सांगता येत नाही. मारलं तर बरं.